तीन टिंबं

केपेच्या मामलेदार कचेरीत एकोणीस वर्षं
मी दुसऱ्यांचं बोलणं टंकलं.
यंत्राला थांबण्याची कळ नव्हती.
होती ती एक लांब पट्टी,
दोन शब्दांत बोटभर जागा सोडणारी,
ती सगळ्यांना सारखीच:
भाटकाराला, मुंडकाराला, वकिलाला.

शाणू वेळीप साक्षीला उभा राहिला
तेव्हा शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.
प्रश्न सोपा होता. या घरात कधीपासून राहता?
"तें... मागीर..."
आणि गप्प झाला.

पंखा फिरला. बाहेर कदंबाची बस
वळणावर दोनदा भोंगा वाजवून गेली.
दिनीज वकिलांनी चष्मा पुसला,
मामलेदारांकडे पाहून हलकेच हसले.
खरं असतं तर एव्हाना
तोंडातून पडलं नसतं का?

मला मात्र दिसत होतं तो कुठवर पोचला ते.
ओठ हलत होते. माड मोजत होता.
दारातला पहिला बापानं लावलेला,
दुसरा बहिणीच्या लग्नाच्या साली,
तिसऱ्याला नारळ धरले तेव्हा
पाकले होते, की गेले होते?
तिथे अडकला. मागे गेला.
पुन्हा पहिल्या माडापासून,
एकेक बोट मुठीत घेत.

"अं..."

त्या अं-सरशी पेंगणारा शिपाई वर बघायला लागला,
माझी बोटं कळांवर येऊन थांबली,
सगळी खोली इंचभर पुढे सरकली.
दिनीज वकिलांचं अर्ध्या तासाचं अस्खलित भाषण
मी शब्दन् शब्द टंकलं होतं त्याच सकाळी.
आज त्यातला एक सांगता येणार नाही.
हे मात्र अजून कानात आहे:

"म्हजी आवय त्या घरांत मेली.
हांव तेन्ना रांगतालों."

मामलेदारांनी सांगितलं तसं उतरलं:
साक्षीदार बालपणापासून सदर घरात राहत आहे.
एक ओळ. घंटी वाजायच्या आत संपली.
मी साक्षीदारनंतर तीन टिंबं ठोकली.
त्यांनी लाल शाईनं खोडली,
रागावले नाहीत, एवढंच म्हणाले,
"बाई, कागदावर मुंग्या कशाला?"
कार्बनखालच्या प्रतीत राहिल्या असतील.
निकालाआधी माझी सांग्याला बदली झाली.

हे मी पुष्कळांना सांगितलंय,
माझा कान किती तयार, याचा दाखला म्हणून.

आता मुलगा जहाजावर आहे, भटारखान्यात.
रविवारी फोन करतो.
"बरा आहेस ना रे?"
मग काहीच नाही. एक. दोन. जवळजवळ तीन.
"हो गं."
तेवढ्यात मी त्याची नोकरी घालवलेली असते,
हात भाजलेला असतो, ठरत आलेलं लग्न मोडलेलं.
एकदा रात्रभर पंख्याकडे बघत पडले
आणि पुढच्या रविवारी विचारलंच,
काय लपवतोस?
हसला. म्हणाला, आवाज वर उपग्रहापर्यंत जातो,
मग खाली येतो, त्याला वेळ लागतो.
मी तर लगेच बोलतो, आई.

लगेच.
म्हणजे इतके दिवस
चष्मा पुसत बसले होते ती मीच.

आता प्रश्न विचारला की
फोन कानाशी धरून खिडकीत उभी राहते,
कुंपणापलीकडचे माड मोजते.
तीन आहेत.
तिसऱ्याच्या शेंड्यापर्यंत नजर जाते
तोवर त्याचं हो गं येतं.

काल तिसराही झाला.
मी काही बोलले नाही.
पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.