विरजण

डंडीत बॉयलर बंद, आज सहावा दिवस.
माणूस गुरुवारी येणार; कुठल्या, ते सांगत नाहीत.
हेरंबने अकराव्या नकारपत्राची घडी
डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली.

मी दूध कोमट केलं,
वाटीच्या बुडाशी उरलेलं चमचाभर दही त्यात मोडलं
आणि पातेल्याला इझोबेलबाईंनी विणलेली लोकरी टोपी घातली.
"या गारठ्यात लागायचं नाही."
खरं होतं त्याचं.
टे नदीवरचा वारा फटीतून शीळ घालत होता.

देवाकडे हल्ली मागत नाही काही.
झाकण मात्र रात्रीतून उघडायचं नाही,
एवढं पाळते.

सकाळी पातेलं कलतं केलं: दूधच, पातळ.
फक्त कडेला
नखाएवढं काहीतरी
हललं नाही.

टोपी पुन्हा चढवली,
पार कानांपर्यंत.