बुडण्याचा काळ

सातवा धडा मी कपाटात बसून रेकॉर्ड केला.
नवऱ्याचे दोन ओव्हरकोट, एक मेंढीच्या कातड्याचा,
मध्ये मी, मांडीवर मायक्रोफोन.
आवाज अडवायला बातुमीत याहून स्वस्त काही नाही.
मागे इंजिनरूमची घरघर हवी होती,
म्हणून वॉशिंग मशीन रिकामंच फिरवलं.
शेजारची लामारा भिंतीवर ठोकत राहिली,
तेही राहू दिलं.
जहाजावर कुणीतरी ठोकतच असतं.

विद्यार्थी एकोणतीस. सगळे चाळिशीपलीकडचे.
ऑइलर, फिटर, दोन बोसन, एक आचारी.
यांना सहलीचं, हवापाण्याचं, आवडीनिवडीचं इंग्रजी नको.
यांना हवीत चारशे वाक्यं
ज्यांतून दुसरा अर्थ निघत नाही.
‘कदाचित’ मी पहिल्याच दिवशी काढून टाकलं.
‘कृपया’ दुसऱ्या दिवशी, जरा जड हातानं.

धडा दोन एमबीच्या आत बसायला हवा,
कारण सुएझच्या तोंडाशी नांगर टाकून पडलेल्या जहाजावर
मुरमानला रेंज मिळते अकरा मिनिटं,
तीही एका विंचला खेटून उभं राहिलं तर.
मुरमान त्रेपन्न वर्षांचा.
परीक्षेत दोनदा नापास.
कंपनीनं कळवलंय, चौथी संधी नाही.

आमच्या भाषेत तो, ती, ते
तिघांत मिळून एकच शब्द.
इंग्रज जहाजाला ‘ती’ म्हणतो, असं सांगितलं
तेव्हा आचारी म्हणाला, तरीच ऐकत नाही.
आणि बुडतो नि बुडतो आहे, यांतही
आम्ही फरक करत नाही.
एकाच क्रियापदात दोघंही जातात तळाला.
म्हणून सातव्या धड्यात वाक्य ठेवलं:
आय अ‍ॅम, पुढे रिकामी जागा, कंसात सिंक.
मला वाटलं, सोपं आहे.

अठ्ठावीस जणांनी जागा भरली.
मुरमाननं लिहिलं, पंप चालू आहे.
लाल फुली.
पंप चालू आहे, आम्ही ठीक.
लाल फुली.
सात वेळा पंप, सात वेळा फुली,
आणि शेवटी आमच्या भाषेत एक ओळ:
बाई, पायाखाली पाणी असताना
हे वाक्य माझ्या हातून लिहून होणार नाही.

मी विचार केला, दोन्ही उत्तरं बरोबर धरावीत.
मग तो दिसला,
पहाटे तीनला रेडिओपाशी बसलेला तटरक्षक,
गार झालेला चहा, खरखर, आणि त्यात
कुणीतरी सांगतंय, पंप चालू आहे.
तो पुन्हा डुलकी घेईल.

फुली ठेवली.
फक्त त्या प्रश्नाची मुदत काढून टाकली.
वर लिहिलं: जमिनीवर उतरल्यावर सोडवला तरी चालेल.
झुराब, कोडिंग करणारा पोरगा, म्हणाला
असं बटण नसतंच.
त्याला रविवारी जेवायला बोलावलं.
दुसऱ्या खाचापुरीनंतर बटण झालं.

पाच आठवड्यांनी फाइल आली, पोतीच्या धक्क्यावरून.
मागे क्रेन, कुणाचा तरी खोकला.
मेडे, मेडे, मेडे.
जहाजाचं नाव नानुली.
माणसं चार.
मग अक्षांश, रेखांश, एकेक आकडा सुटा,
मी शिकवला होता तसाच,
आणि न अडखळता,
आय अ‍ॅम सिंकिंग.

उच्चाराला पाचात तीन.
स्थान तपासायला नकाशा उघडला.
तिथे समुद्र नव्हता.
कोबुलेती, रेल्वे रुळांच्या मागची गल्ली,
एक घर, अर्ध्या छपरावर निळी ताडपत्री,
अंगणात झाड, बहुतेक पर्सिमनचं.

कितीतरी वेळ गुणांच्या रकान्यात
कर्सर लुकलुकत होता.
आठवा धडा अजून लिहिला नव्हता.
त्याचं पहिलं वाक्य मात्र ठरलेलं होतं.
कपाटात गेले, दार ओढून घेतलं,
मशीन न लावता म्हटलं,
नानुली, नानुली, नानुली,
तुमचा संदेश मिळाला.