गोल टोकाचा

लिंबाजी दळवे स्वतःचा वस्तरा मला देणार नव्हते.
"त्यो माझ्या मनगटाला वळखतो," म्हणाले, "तुला चावंल."
त्यांच्या दुकानात आता अर्ध्या पात्याचा साचा चालतो:
गिऱ्हाइकासमोर कागद फाडायचा, पातं मोडायचं.
जुना वस्तरा कंगव्यांच्या डब्याखाली
तेलकट फडक्यात, पेन्शनीत.

मी सेलूच्या जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक.
बैलाच्या खांद्याला टाके पडताना कासरा धरतो,
लाथ कुठून येणार ते मला आधी कळतं.
पण स्वतःच्या गळ्याजवळ उघडी धार न्यायची
म्हटल्यावर बायको दोनदा नको म्हणाली,
तिसऱ्यांदा विम्याचा कागद कुठंय ते विचारलं.

परभणीला जुन्या सामानाच्या ओळीत
खाजाभाईंची ताडपत्री.
निजामाच्या शिक्क्याची नाणी, तीही खोटी.
गाड्यांच्या किल्ल्या, त्या खऱ्या,
गाड्या कुठं गेल्या कोण जाणे.
आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात अकरा वस्तरे.

पहिलाच उचलला तो हस्तिदंती रंगाच्या मुठीचा,
पात्यावर कोरलेला मोर.
लिंबाजींनी पाहिलंसुद्धा नाही.
"मोराला दाढी कराया येती का?"
दुसऱ्यावर परदेशी अक्षरं.
"वाचायचंय का भादरायचंय?"
"उस्ताद, बच्चे को पसंद करने दो," खाजाभाई म्हणाले.
मी त्रेचाळीस वर्षांचा, मिशी अर्धी पिकलेली,
आणि त्या 'बच्चे'नं
कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

मग लिंबाजींनी एक रिकामी फोटोफ्रेम मागून घेतली,
कुणाच्या तरी लग्नाची असावी,
काचेवर एकेक पातं आडवं ठेवलं,
बोटानं हळूच दाबलं.
चार डुगडुगले. ते गेले.
"पाठीवर गंज हाय? आसू दे, म्हातारपन हाय ते.
धारंजवळ गंज म्हंजी दाढ किडली."
अजून तीन गेले.
एक मुठीत सैल होता, तो न बोलता गेला.

"आता धार उनाकडं कर. काय दिसतंय?"
"चकाकतंय की!" मी खूश.
"ठिव मग खाली.
उजेड बसाया जागा हाय म्हंजी ती बोथट.
खरी धार दिसत नस्ती, लेका."
मी डोळे बारीक करून
दोन वस्तऱ्यांवर बराच वेळ काहीच न दिसणं शोधत राहिलो.
खाजाभाईंनी तेवढ्यात चहा सांगितला.

दोघांतला एक चौकोनी टोकाचा.
"त्ये टोक कानामागं जातं अन् मग आटवन ठिवतं.
गोल घे."
उरला तो काळ्या शिंगाच्या मुठीचा, पितळी खिळा,
एका बाजूला केसाएवढी चीर.
वाटेत पडलेला दिसला असता
तर मी चपलेनं बाजूला सारला असता.
तीनशे सांगितले, एकशेऐंशीला तुटला,
वर एक बिनकिल्लीचं कुलूप फुकट.

गाडीत वस्तरा लिंबाजींच्या खिशात, माझ्या नाही.
"आठ दिवस ऱ्हाऊ दे. आधी दगड, मग पट्टा.
तवर तू चमच्यानं हात बसव."

म्हणून आठ दिवस, पहाटे, फेस लावून
मी पोह्यांच्या चमच्यानं दाढी केली.
कातडी डाव्या हातानं ताणायची,
चमचा जवळजवळ आडवा धरायचा,
हसायचं नाही.
धाकटी दारात उभी राहून आईला आवाज द्यायची,
"पप्पा आजबी चमच्यावर!"

नवव्या दिवशी कानाखाली, डावीकडं,
दोन बोटं रुंद.
वाळल्या कडब्याच्या पानावरून
उलटं बोट फिरवल्यासारखा आवाज आला,
आणि तो ऐकून मीच थांबलो.
वस्तरा पुसला, मिटला.

तसाच दुकानात गेलो, बाकीची वाढलेली घेऊन.
लिंबाजींनी अंगठा त्या जागेवर फिरवला,
एकदा वरून खाली, एकदा खालून वर.
काही म्हणाले नाहीत.
अर्धं पातं मोडलं, उरलेली दाढी केली,
तुरटी लावली.

पन्नासची नोट दिली.
गल्ल्यात हात घालून
त्यांनी पाच रुपये परत केले.