तोंडावर नाणं

ऑरव्हिल टेस्डालच्या दुकानात
शेगडीपाशी कुणाचे तरी ओले बूट वाळत होते.
मी वडिलांची बंदूक टेबलावर आडवी ठेवली.
"रिकामी आहे," म्हटलं.
"असेल," तो म्हणाला,
आणि कप्प्यात स्वतःची करंगळी घालून बघितली.

मग नळी सुटी केली,
खिशातून दहा सेंटांचं नाणं काढून
तिच्या तोंडावर ठेवलं.
बसलं तिथंच. आत पडेना.
"फुल चोक. मर्लचा जीव बदकांवर होता ना."

होता.
पाणथळीवर पहाटे छऱ्यांचा अख्खा थवा
मुठीत आवळून लांब फेकायचे.
बोलायचेही तसेच.
आठवडाभराचं सगळं
रविवारी जेवताना दोन शब्दांत,
आणि ते दोन्ही लागायचे.

"पण तुला हरणाला जायचंय," ऑरव्हिल म्हणाला,
"छरे नाहीत, स्लग. शिशाचा एकच गोळा,
अंगठ्याहून जाड. त्याला गळा मोकळा हवा.
शिसं मऊ असतं, दबून निघतंही पुष्कळदा.
लोक मला हेच ऐकवतात,
वीस वर्षं मारतोय, काही झालं नाही म्हणून.
त्यांना मी हे दाखवतो."
फळीमागून नळीचा एक तुकडा काढला,
टोकाशी फुगलेला,
उंदीर गिळून पडलेल्या सापासारखा.
कुणाचा, ते त्यानं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

भिंतीवर करवत होती.
"दोन इंच कापून देतो. तीस डॉलर. गळा मोकळा."
नळीवर डाव्या तळव्याची एक जागा आहे,
काळा रंग उडून चांदी झालेली.
करवत तिथून लांबच चालली असती.
तरी नको म्हटलं.

दुसरी नळी घेतली, टोकाला आटे असलेली,
आणि कॉफीच्या डब्यातून दोन चोक.
"कडेच्या खाचा मोजू नकोस, नाव वाच.
टर्कीचा चोक डोळ्यांसमोरसुद्धा नको.
आणि ती प्लॅस्टिकच्या सदऱ्यातली महागडी गोळी,
तिला आतून पीळ दिलेली नळी लागते. तुझी गुळगुळीत आहे."

शनिवारी खडीच्या खाणीत,
मागं मातीचा उंच बांध,
पन्नास यार्डांवर कागदी थाळ्या.
आधी सरळ सिलिंडर:
तीन भोकं, तीन दिशांना तोंड करून,
भांडलेल्या भावंडांसारखी.
मग इम्प्रूव्हड, केसाएवढा आवळ:
तिन्ही माझ्या तळव्याखाली झाकली गेली.
"शेजारच्याची बंदूक नेमकं उलटं सांगेल," ऑरव्हिल म्हणाला,
"म्हणून कागदालाच विचारायचं."
दर तीन बारांनंतर, बंदूक रिकामी करून,
चोक घट्ट आहे का ते चाचपायला लावलं.
खांदा दोन दिवस जांभळा होता.

डिसेंबर. केशरी बंडी. मक्याची कापलेली धाटं,
त्यांवर दहिवर गोठून काचेसारखं.
हरीण आलं, चाळीस यार्डांवर, उंचवट्याच्या कण्यावर,
आडवं, शांत, जणू थाळीच लावून ठेवलेली.
चोक बरोबर. गोळी बरोबर. श्वाससुद्धा बरोबर.
आणि त्याच्या मागं
नुसतं आभाळ.

आभाळाच्या पलीकडच्या उतारावर
हेझल क्रूगरचं स्वयंपाकघर आहे.
स्लग छऱ्यांसारखा दमून पडत नाही.
बोट बाहेरच राहिलं.
हरणानं कान हलवला, आणि चालत, चक्क चालत,
गेलं.

रात्री दोन्ही नळ्या सुट्या करून पुसल्या.
जुनीवर नाणं ठेवलं: बसलं.
नवीत टाकलं: आरपार,
फरशीवर वाजलं, घरंगळत शेगडीखाली गेलं.
कुत्रं उठलं, वास घेऊन परत झोपलं.
मी गुडघ्यांवर बसून नाणं शोधता शोधता
मोठ्यानं म्हणाले, "डॅड, आज मारलं नाही,"
आणि का ते सांगत बसले,
हेझलच्या पिवळ्या पडद्यांपर्यंत,
तिच्या ओट्यावर त्या वेळी काय शिजत असेल तिथपर्यंत,
नाणं सापडून गेलं तरी.