चतुःसीमा

दापोलीच्या दुय्यम निबंधक कचेरीबाहेर
झेरॉक्सच्या दुकानाला पाठ लावून
एकतीस वर्षं मी लोकांची घरं लिहितो.
स्वतः भाड्याने राहतो. असो.

आजची मिळकत: मौजे कातळतळे, घर नंबर चौदा,
बांधकाम अदमासे अठराशे नव्वद,
जांभ्याचे, दुमजली, वासे रंगूनच्या सागाचे.
लिहून देणार: सफूरा कमालुद्दीन सारंग,
वय एकाहत्तर, राहणार डर्बन.
लिहून घेणार: अमोघ रणभिसे,
धंदा सॉफ्टवेअर, राहणार बाणेर.

खर्डा मी अजून हाताने करतो.
पूर्वेस रस्ता:
बैलगाडीचा होता, डांबरी झाला,
दर श्रावणात परत बैलगाडीचा होतो.
दक्षिणेस धोपटांची बाग, कलमे अकरा.
उत्तरेस कबरस्तान.
‘हे लिहायलाच हवं का?’ रणभिसे विचारतात.
म्हटलं, तेवढेच शेजारी तक्रार करत नाहीत.
पश्चिमेस तळे.

इथे पेन अडतं.
कारण ही रेघ जागेवर राहत नाही.
चैत्रात तळं बारा पावलं मागे सरतं,
भाद्रपदात परसदाराच्या तिसऱ्या पायरीवर
येऊन बसतं, घरच्यासारखं.
मोजणीदाराने मारलेली पिवळी खूण
सध्या पाण्याखाली आहे,
आणि पिवळी नाही.

रणभिसे फोनवरचे फोटो दाखवतात:
गॅलरीतून तळं, जिन्यावरून तळं,
कमळाच्या पानावर एक पाखरू, लांब बोटांचं,
बुडत नाही, बुडेल असं वाटत राहतं.
‘फक्त ते परसदार,’ ते म्हणतात,
‘त्याला कडीच नाही. तेवढं बसवून द्या.’

सफूराबाई तोवर गप्प होत्या.
चष्मा पुसत होत्या, तो स्वच्छच होता.
म्हणाल्या, पणजोबा बोटीवर सारंग.
एकेक तुळई हर्णैला पडावातून उतरवली.
दारं एकोणीस, कड्या पितळी, अठरा.
सुताराने विचारलं, एक विसरलात का मालक?
ते म्हणाले, घर मी आणलं.
पाणी इथलंच आहे.

म्हणून वाडीतल्या बाया
आमच्या परसातून जायच्या, अजून जातात,
धुण्याच्या बादल्या, एखादं रडकं पोर,
कुणाचं तरी नवीन लफडं घेऊन.
आईची डुलकी त्यांच्या आवाजाने लागायची.
ते कागदावर घ्या.

रणभिसे वकिलाला फोन लावायला बाहेर गेले.
टपरीपाशी येरझाऱ्या घालत राहिले.
आत आले तेव्हा आकडा घेऊन आले:
वहिवाट लिहिली तर चार लाख कमी.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.
‘करा कमी,’ म्हणाल्या,
जसं कोणी मीठ कमी करायला सांगावं.

आमच्या दस्तात एक जुनं वाक्य असतं,
माझ्या गुरूने घोटून घेतलेलं:
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण,
निधी, निक्षेप यांसह.
हजारदा लिहिलं असेल, न वाचता.
आज पहिल्याच शब्दावर काट मारली,
समासात सही केली,
आणि खाली नवीन कलम घातलं:
परसदार एक. कडी नाही. बसवू नये.

अंगठे झाले, फोटो झाले,
सर्व्हर दोनदा बंद पडला, एकदा चालू झाला.
सफूराबाईंनी किल्ल्यांचा जुडगा दिला.
अठरा मोजून घ्या, म्हणाल्या.
आणि रिक्षात बसताना माझ्याकडे वळून,
तळ्याला काय भाव लावला असता हो, विकलं असतं तर?
मला उत्तर सुचेपर्यंत रिक्षा गेली.

ताबा घ्यायला मीही गेलो होतो, पंच म्हणून.
रणभिसे परसात उभे, हातात टेप,
बहुधा खुर्च्यांची जागा मोजत.
चारच्या सुमाराला दार ढकललं गेलं.
डोक्यावर घमेलं, कमरेला पदर,
धोपटांची सून थेट आत आली,
त्यांना खालपासून वर न्याहाळलं,
आणि घरच्या माणसाच्या काळजीने विचारलं,
‘कोण रे तू? कुणाकडं आलायस?’