प्लग खिशात

आधी प्लगची टोपी उपटायची.
मग पान्याने प्लग सैल करून
बाहेर घ्यायचा, आणि खिशात.
टेबलावर नाही, कठड्यावर नाही,
खिशात. ही एन्डेलची पहिली अट.
दुसरी, पेट्रोलचा नळ बंद.
तिसरी तो सांगत नाही,
नुसता काल्यूच्या उजव्या हाताकडे तोंड करतो,
जिथली करंगळी आणि तिची शेजारीण
बावीस वर्षांपासून नाहीत.
‘इंजिन बंदच होतं,’ काल्यू दर शनिवारी सौनात सांगतो,
‘चाक तेवढं फिरत होतं.’

वादळाने पाडलेल्या सफरचंदाच्या फांद्या
उतारावर ढीग होऊन पडल्यात.
व्होरूच्या बाजाराला जाणारे शेजारी
गाडी हळू करून बघतात, हात हलवतात.
यंत्र दोन वर्षं झाली, खातं कमी, थरथरतं जास्त.
ओलं आल्डर तोंडात धरून गुरगुरतं,
चिरत नाही, चघळतं.
आम्ही म्हणायचो, लाकूडच चिवट.

नरसाळ्याचे चार बोल्ट.
तीन आले. चौथ्याला तेल पाजलं
आणि कॉफी करून आले.
दुसऱ्या कपानंतर तो कुरकुरत वळला.
निघेल ते अंड्यांच्या पुठ्ठ्यात ओळीने,
पहिल्या खळग्यात पहिलं,
म्हणजे परतताना वाट चुकायला नको.

आत कुजक्या सफरचंदाचा वास,
भिंतीला थापलेला काळा भुसा.
पट्टा उतरवला. चाक हातमोज्यानेही फिरवायचं नाही,
काठीने, थोडं थोडं,
आणि हवं तिथे आलं की बर्चची पाचर ठोकायची.
ठोकली. हलवून बघितलं. परत ठोकली.
मग कुठे हात आत.

बेअरिंगमागे निळी सुतळी निघाली,
वितळून काचेसारखी चकचकीत,
दांड्याला गच्च आवळलेली.
चाकूने ती खरवडताना अर्धी सकाळ गेली.
हातोडे सगळे होते, पिनांवर सैल झुलणारे,
त्यांची टोकं वापरून गोल झालेली.

आणि पाती. दोन.
पहिल्याची धार करवतीसारखी,
कधीतरी खिळा गिळला असावा.
दुसऱ्याची धार मात्र कोरी.
कारखान्याचा पिवळा रंगसुद्धा कडेला शाबूत.
मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.
उलटं बसवलेलं.
दोन शरद ऋतू ते आपल्या पाठीने
लाकडाला बडवत होतं.

शेवटची पाती बसवली होती एन्डेलने.
शेडचं दार लावून, चार तास एकटा.
तेव्हा तो म्हणायचा, दिव्याचा प्रकाश कमी पडतोय.
मी दिवा बदलला होता. दोनदा.

ओसरीवरून हाक आली. तो खुर्ची
आवाजाच्या दिशेने वळवून बसलेला.
‘काय निघालं, उर्वे?’
‘सुतळी,’ मी म्हणाले. ‘हातभर, निळी.’
‘गवताच्या भाऱ्याची. तूच टाकली असणार.’
‘मीच.’
तो हसला, जिंकल्यासारखा,
मग बराच वेळ गप्प.

पहिलं पातं मी सहाणेवर घासलं,
दुसरं फिरवून बसवलं,
बोल्ट आवळले एकाआड एक,
पाना कट् म्हणेपर्यंत.
तो प्रत्येक कट् मोजत होता.
मानेवरून कळत होतं.

‘दुसरं पातं बघितलंस?’
‘बघितलं.’
‘कसं आहे?’
पाचर काढली. काठीने चाक
एक पूर्ण फेरी फिरवलं.
कुठे घासलं नाही.
‘चांगलं आहे,’ मी म्हणाले, ‘आता.’
शेवटचा शब्द तोंडातून गेला
आणि परत घेता येईना.

त्याने गुडघ्यावरची घोंगडी सारखी केली.
‘प्लग?’ त्याने विचारलं.
मी एप्रनवर हात ठेवला.
मघापासून तो तिथेच होता,
अंगाच्या उबेने कोमट झालेला.
‘खिशात,’ मी म्हणाले.
‘राहू दे अजून थोडा वेळ.’