निळ्या डब्यातलं यान

महिनाभर आम्ही निळा डबा दिला नाही.
कचरागाडी यायची, गाणं वाजवत थांबायची,
मी नुसता ओला डबा घेऊन जिना उतरायची.
तिसऱ्या आठवड्यात संतोषबाईंनी विचारलंच,
"क्यों दीदी, सूखा नहीं निकलता आजकल?"
निघतो, म्हटलं,
पण सध्या तो अंतराळात चाललाय.

ओजसला सातवं संपून आठवं लागणार होतं.
राजवाड्याजवळ भाड्यानं मिळतो तो
चेन तुटलेला, दुसऱ्याच्या घामाचा पोशाख
त्याला नको होता.
त्याला रोबोट व्हायचं होतं,
आणि तोही कुणाचंच न ऐकणारा.
त्याला पोशाख कशाला लागतो, मी विचारलं.
त्यानं ऐकलं नाही.

शेवेच्या पाकिटाला आतून चांदी असते
हे मला एकेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं.
पाकिटं उलटी केली, रिठ्यानं धुतली,
दोरीवर माझ्या कुर्त्यांच्या शेजारी
चंद्राची कातडी वाळत राहिली.
लवंगेचा वास तरी गेला नाहीच.

अंड्यांचे ट्रे रंगवून उल्कांचे खड्डे.
कूलरची जुनी खस, ती मंगळावरची शेती.
स्टीलच्या गाळणीला सायकलची तार, ती ॲन्टेना.
जाऊबाई, ज्या एरवी माझ्याकडे
पाणीसुद्धा अर्धाच ग्लास पितात,
सियागंजातून थर्माकोलचे गोळे घेऊन आल्या
आणि मांडी घालून बसल्या.
"ह्यातला शनी कोणता गं?
कडं घालायचं की तेल वाहायचं?"

शनिवारी परदेशीपुऱ्याहून मनोहरमामा आले.
मिल होती तोवर मिलमध्ये वायरमन.
अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत
राक्षसांच्या माना त्यांनीच हलवलेल्या,
रात्रभर, गर्दीकडे पाठ करून,
ट्रॉलीच्या पोटात उकिडवे बसून.
पिशवीतून त्यांनी टेपरेकॉर्डरची मोटर काढली.
"रावणाची मान काय, शनीचं कडं काय,
वायरिंग एकच.
रावण जरा थांबून थांबून बघतो.
ह्याला थांबायची सोय नाही."
मिलचं पुढे काय झालं, ओजसनं विचारलं.
मामा म्हणाले, पक्कड दे.

रविवारी संध्याकाळी रोबोट तयार झाला
आणि दारातून मावेना.
एक खांदा कापला, चिकटपट्टी लावली.
ह्यांना तीन डोळे केले होते पिंगपाँगचे,
मधला कचोरीच्या चटणीत पडला
आणि तिथूनच सगळ्यांकडे बघत राहिला.
शनी फिरत होता, किंचित लंगडत.
केक आला, मेणबत्त्या लागल्या,
तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं
की आम्ही तोंड ठेवलंच नाही.
डोळे होते, छातीवर बाटल्यांच्या झाकणांची बटणं,
पाठीवर दोन इंधनाच्या टाक्या,
तोंड नाही.
महिनाभरात एकालाही सुचलं नव्हतं
की ह्या यंत्राला भूक लागेल.

मामांनी कात्री मागितली.
"हलू नकोस हं," ते म्हणाले,
आणि कुणाचंच न ऐकणारा
असा उभा राहिला की श्वासही दिसेना.
मामांचा हात अलीकडे कापतो.
खोक्याच्या आत, पुठ्ठ्यापासून बोटभर अंतरावर,
माझ्या मुलाचे खरे ओठ होते.
मी मेणबत्त्यांकडे बघत बसले,
त्या निम्म्या जळून गेल्या.
मग पुठ्ठ्याचा एक तुकडा खाली पडला
आणि आतून आवाज आला,
"गुलाबाचं फूल मला."

सकाळी गाणं वाजलं.
निळा डबा भरून वाहत होता.
हे शहर इंदूर आहे, इथं यानसुद्धा
सुटं करूनच द्यावं लागतं,
थर्माकोल वेगळा, तार वेगळी, सेल वेगळे.
"ये क्या था, भैया?"
"था नहीं, है," ओजस म्हणाला, "उतर गया है बस."
संतोषबाईंनी ॲन्टेना हातात घेऊन फिरवून पाहिली,
आणि गाडीच्या आरशाला सुतळीनं बांधली.

गाडी वळली. प्रत्येक खड्ड्याला
ती वाकून कुणाला तरी काहीतरी कळवत होती.
वर येऊन चहा टाकला, उकळू दिला,
आणि गाळायला गेले तेव्हा आठवलं.